शुक्रवारच्या सहा ओळी

१

मंगळवारी सकाळी साडेनऊला मी टेबलावर दोन बायोडाटा शेजारी शेजारी ठेवले आणि माझा चहा कपातच राहिला. एक कौस्तुभ देशकरचा, दुसरा सीमा शेंडेचा. नावं वेगळी, पत्ते वेगळे, फोटो वेगळे. मधल्या सहा ओळी मात्र अक्षर न् अक्षर सारख्या.

मी अनुजा देवतळे. भिलाईजवळच्या रसमड्याच्या एका ओतकामाच्या कारखान्यात गेली बावीस वर्षं माणसं निवडते. वडील वर्ध्याचे, भिलाईच्या स्टील प्लांटात क्लार्क होते. मी तिथल्याच सेक्टरमध्ये, प्लांटच्या वसाहतीत वाढले. माझ्या नाकावर राग असतो असं लोक म्हणतात. असतो. बावीस वर्षं ‘मेहनती, प्रामाणिक, संघभावनेने काम करणारा’ हे वाचून कोणाच्या नाकावर राहणार नाही?

खरं सांगते, एका बायोडाटाला मी सहा-सात सेकंद देते. शिक्षण पाहते, वय पाहते, शेवटची नोकरी पाहते, आणि कागद डावीकडे किंवा उजवीकडे. त्या सात सेकंदांत नजर अडकली तर ती कामावर अडकते: काय केलं, किती केलं, कधी केलं. या सहा ओळींवर माझी नजर अशी अडकली की मी त्या पहिल्यांदा कौस्तुभच्या कागदावर वाचल्या तेव्हा टेबलावर थाप मारली. ‘दर शुक्रवारी माल का नापास होतो, ते चौदा आठवडे वहीत टिपलं. खराब तुकडे कोणत्या कोअरचे ते खुणा करून वेगळं दाखवलं. गुरुवारी ओल कुठून येते ते शोधून थांबवलं. एप्रिल ते जून, शुक्रवारचं रिजेक्शन अकरा टक्क्यांवरून चारवर. त्यासाठी एकही मशीन विकत घेतलं नाही. तीन नवीन कामगारांना हे काम शिकवलं.’ इंग्रजीत होतं, पण असं साधं आणि ठाम. याला म्हणतात बायोडाटा, म्हटलं.

मग पाच कागदांनंतर तेच सीमाच्या कागदावर.

जागा एकच होती, क्वालिटी सुपरवायझरची. मी काही बोलायच्या आत आमचे वर्क्स मॅनेजर धनंजय देशकर आत आले. निवडीच्या कमिटीत ते असतात. दोन्ही कागद पाहून त्यांचा चेहरा क्षणभर उतरला, मग लगेच चढला.

“कौस्तुभ माझा पुतण्या आहे, हे मी आधीच सांगितलंय तुम्हाला, लपवलेलं नाही,” ते म्हणाले. “ते काम आपल्याच कारखान्यातलं, माझं, ट्रॉफी मिळाली तेच. मी त्याला प्रोजेक्ट म्हणून शिकवलं. त्या पोरीनं त्याचा कागद उचलला. उघड चोरी आहे.”

ते थेट शेठजींकडे गेले. आमचे मालक ओमप्रकाशजी; बोलणं कमी आणि घाई जास्त. दहा मिनिटांत मला बोलावणं आलं.

“मॅडम, चार बजे तक उस लड़की का नाम ग्रुप में डाल दीजिए,” ते म्हणाले. “बात ख़त्म.”

ग्रुप म्हणजे रसमडा ते सुपेला या पट्ट्यातल्या चौदा कारखान्यांच्या नोकरभरतीवाल्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप. ‘खोटा बायोडाटा’ म्हणून तिथं एकदा नाव पडलं की पोरीला या पट्ट्यात कोणी गेटच्या आत घेत नाही. मी स्वतः दोन नावं टाकली आहेत त्यात. त्या दोघांचं पुढं काय झालं ते मला माहीत नाही, आणि मी कधी विचारलंही नाही.

“शेठजी, आधी दोघांना भेटते,” मी म्हटलं.

“चार बजे,” ते म्हणाले.

२

कौस्तुभ पहिला आला. चोवीस वर्षांचा, शर्टाला कडक इस्त्री, मराठी फक्त आईशी बोलणारा.

“शुक्रवारीच माल का खराब व्हायचा?” मी विचारलं.

“मॅम, आपला वीकली ऑफ गुरुवारी असतो ना. कोअर एक दिवस पडून राहायचे. उनमें नमी आ जाती थी. मग शुक्रवारी कास्टिंगमध्ये ब्लो होल्स.”

बरोबर बोलला. आम्ही ओततो त्या पंपाच्या बॉडीत पोकळी राहावी म्हणून साच्यात वाळूचा घट्ट केलेला गाभा ठेवतात, त्याला कोअर म्हणतात. त्यानं ओल धरली की तापलेल्या लोखंडात वाफ होते, आणि तुकड्यात छिद्रं पडतात.

“ओल येत कुठून होती?”

“रूफ लीकेज, मॅम. काकांनी पत्रे बदलवले.”

तो गेला आणि सीमा आली. सडपातळ, सावळी, हातात प्लास्टिकची फाइल घट्ट धरलेली. डिप्लोमा झालेला, भिलाईतल्या पॉवर हाउस भागातल्या एका छोट्या फाउंड्रीत वाळूच्या लॅबमध्ये दहा महिने काम. वडील बळीराम, एका ठेकेदाराकडे कामाला होते, आता घरी बसून. बाहेर बाकावर तिनं शेठजींच्या शिपायाकडून सगळं ऐकलं होतं, हे तिच्या घट्ट मिटलेल्या ओठांवरून कळत होतं.

“तुमच्या फाउंड्रीला सुट्टी कधी असते?”

“रविवारी, मॅडम.”

आमच्या पट्ट्यात कारखान्यांची सुट्टी वेगवेगळ्या वारी असते. गुरुवारी बंद राहणारी, पंपाचं ओतकाम करणारी फाउंड्री इथं एकच, आमची. मग रविवारी सुट्टी असणाऱ्या कारखान्यातली पोरगी गुरुवारच्या ओलीचं काय लिहिणार?

“गुरुवारी ओल कुठून यायची?” मी तरी विचारलं.

तिनं खाली पाहिलं. “मले माहीत नाही मॅडम.”

“मग हे लिहिलंस कसं? खाली सही तुझीच आहे. ‘वरील सर्व माहिती सत्य आहे’ म्हणून.”

“सही माझीच आहे,” ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरले, पण आवाज वाकला नाही. “पण मी चोर नाही. तुमाले जे करायचं ते करा. मी चोर नाही.”

घड्याळात साडेअकरा. सगळे पुरावे एका बाजूला झुकलेले आणि ते तिच्या विरुद्ध.

३

मला हट्टी पोरं आवडतात, हा माझा दोष. पण दोषापायी मी कोणाला सोडत नाही. तिला बाहेर बसवून मी दोन्ही कागद पुन्हा हातात घेतले, आणि या वेळी सात सेकंदांत नाही, वरपासून खालपर्यंत, जे मी कधीच वाचत नाही तेही वाचलं. छंद. वैवाहिक स्थिती. येणाऱ्या भाषा.

भाषा: मराठी, हिंदी, इंग्रजी, तेलुगू.

दोघांच्याही कागदावर.

आता भिलाईत तेलुगू नवलाची नाही. आमच्या स्ट्रीटवर अर्धी घरं तेलुगू होती. त्यांच्या पोरींबरोबर मी लंगडी खेळले आहे, कामापुरतं मलाही येतं. मी कौस्तुभला परत बोलावलं आणि तो खुर्चीत बसायच्या आतच विचारलं, “एक्कड नुंची वच्चारू?”

कुठून आलात, एवढंच. त्याचं तोंड उघडंच राहिलं.

“सॉरी मॅम?”

“तुझ्या बायोडाटात तेलुगू आहे.”

“ओह. वो… ते राजूभैयानं टाकलं असेल.”

“कोण राजूभैया?”

“सुपेल्यात. जिथं बनवला.”

मग सीमा. तोच प्रश्न. ती माझ्याकडे बघत राहिली. “हे काय बोलून राहिल्या मॅडम तुमी?”

“तुझा बायोडाटा कुठं केलास?”

“सुपेल्याले. राजकुमारभाऊच्या दुकानात. सगळे तिथंच करतात.” मग तिनं फाइलमधून एक वहीचं पान काढलं. “मी हे लिहून नेलं होतं. भाऊ म्हणाले, यात काहीच वजन नाही, थांब, मी टाकून देतो. इंग्रजी भारी होती. मी नीट नाही वाचलं. ती माझी चूक आहे, मी नाही म्हणत नाही.”

पानावर निळ्या शाईनं लिहिलेलं होतं: रोज चाळीस नमुने तपासले. ओल मोजायचं मीटर खोटे आकडे दाखवते हे दोनदा धरलं. साहेब म्हणाले, तुले काय करायचं, पण मी तिसऱ्यांदाही सांगितलं. मग मीटर बदललं.

“अगं, हेच वजन आहे!” मी ओरडलेच. “हेच टाकायचं सोडून दुसऱ्याचं कशाला घेतलंस? वेडी!”

ती दचकली. माझा राग तिच्यावर नव्हता, पण ते तिला काय कळणार.

दोघांनाही तेलुगू येत नाही आणि दोघांच्याही कागदावर ती आहे. म्हणजे मूळ कागद ना कौस्तुभचा, ना सीमाचा. दोघांच्या कागदांखाली तिसरंच माणूस होतं. तेलुगू येणारं, आमच्याच कारखान्यातलं. आणि धनंजय साहेबांना तेलुगूतलं ‘त’ माहीत नाही.

मी स्कूटर काढली.

४

सुपेल्याच्या चौकात त्या वेळी स्कूटर चालवणं म्हणजे देवाचं नाव घेणं. राजकुमारचं दुकान भाजीच्या ठेल्यांमागे, सहा बाय आठ. बाहेर पाटी: आधार, रेल्वे फॉर्म, बायोडाटा. आत तो, एक कॉम्प्युटर आणि पंखा.

“माझ्या टेबलावर तुझ्या हातचे दोन बायोडाटा आहेत,” मी दोन्ही त्याच्यापुढे टाकले. “या सहा ओळी कोणाच्या?”

“कस्टमरच्या,” तो म्हणाला.

“उचलली जीभ लावली टाळ्याला! एका पोरीचं नाव चार वाजता चौदा कारखान्यांत चोर म्हणून जाणार आहे. आणि मग तुझ्या दुकानाचंही जाईल, मी स्वतः टाकीन.”

तो नरमला. खुर्ची सरकवून दिली. “मॅडम, कोरी फाइल कोण उघडतं? मागच्याच्या फाइलवर नवीन नाव मारतो. नाव, बाप, पत्ता, फोटो बदलला की झालं. सगळेच असं करतात.”

“आणि भाषा तशीच राहिली.”

त्यानं वाकून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. “राहिली बाप्पा.”

“मूळ फाइल?”

“त्याच्यावरच मारलं न, गेली. पण आठवते मले. तसा बायोडाटा या दुकानात दुसरा झाला नाही. बाकीचे येतात, म्हणतात, भाऊ काही बी टाक. ती बाई आली पावसाळ्यात. पंचेचाळीसची असन. कागद नाही, काही नाही. एक वही होती, अन् तोंडानं सांगत गेली मराठीत, मी इंग्रजी करत गेलो. दोन तास. एक शब्द जास्त टाकू दे नाही. मी म्हटलं, ‘हार्ड वर्किंग’ टाकू का? तं म्हणे, ते कावून, कशाले? आकडा दिसते न त्याले. फोन आला तं तेलुगूत बोलली. म्हटलं, मावशी, मराठी असून? म्हणे, बाप रेल्वेत होता, काझीपेठेले वाढली मी.”

“नाव?”

“नाव नाही ध्यानात.”

“मग तिचं झालं काय? नोकरी लागली?”

राजकुमार हसला, जरा कडूच. “कुठची? महिन्यानं झेरॉक्सले आली होती, विचारलं मी. म्हणे, रसमड्याले ज्या कारखान्यात आहो तिथंच दिला होता खिडकीवर. तिथं एक मॅडम आहे, तिनं बोलावलंच नाही.”

रसमड्याच्या त्या कारखान्यात एकच मॅडम आहे.

५

नापास बायोडाटा मी वर्षभर ठेवते. खोक्यात, महिन्यागणिक. परत आले तेव्हा पावणेदोन झाले होते. ऑगस्टचं खोकं जमिनीवर उपडं केलं आणि मांडी घालून बसले. हीच जागा तेव्हा एकदा निघाली होती. ज्याला घेतला तो दिवाळीआधी सोडून गेला.

त्रेसष्टावा कागद. अंजना रामराव लांजेवार. आमच्या आवक खिडकीचा शिक्का, बारा ऑगस्ट. वय सेहेचाळीस. शिक्षण आठवी. सध्याचं काम: हेल्पर, कोअर शॉप, ठेकेदारामार्फत. भाषा: मराठी, हिंदी, तेलुगू. इंग्रजी नव्हती, ती राजकुमारनं पुढच्यांना बहाल केली. आणि मध्ये त्या सहा ओळी.

वर कोपऱ्यात लाल पेनानं फुली. माझ्या हातची.

मी ‘आठवी’ आणि ‘हेल्पर’ वाचलं असेल, आणि खाली गेलेच नसेन. ज्या ओळी कौस्तुभच्या नावाखाली वाचून मी टेबलावर थाप मारली, त्याच या बाईच्या नावाखाली मला दिसल्याही नाहीत. लाज वाटली. नुसती नाही, कान तापेपर्यंत वाटली. सकाळपासून मी चोर शोधत होते, आणि या बाईचं पहिलं नुकसान मीच करून बसले होते.

मग त्या ओळी चौथ्यांदा वाचल्या, आणि हात थांबला. ‘एप्रिल ते जून.’

छप्पर गळतं म्हणून ओल येते? भिलाईत, एप्रिलात? जिथं एप्रिलात नळालाही घाम फुटत नाही? धनंजय साहेबांनी पत्रे बदलले खरे, आणि शुक्रवारचा माल सुधारला म्हणून सप्टेंबरात विश्वकर्मा पूजेला सगळ्यांसमोर शेठजींच्या हातून ट्रॉफीही घेतली. पण पत्रे बदलले जुलैत, त्या कामाचे मजूर मीच ठेकेदाराकडून बोलावले होते. आकडा त्याच्या आधीच उतरला होता. पुतण्या ऑक्टोबरमध्ये महिनाभर इथं शिकाऊ होता, तेव्हा काकांकडून ऐकलेलं त्यानं सांगितलं, इतकंच.

आता अंजना लांजेवार कोण? हजेरी ठेकेदाराकडे टोकन नंबरनं लागते. मला नावं माहीत नसतात. कोअर शॉपमध्ये गेले. दहा-बारा बाया वाळू दाबत होत्या.

“अंजनाबाई लांजेवार कोण?”

एक बाई उठली. उंच, केस अर्धे पांढरे, हाताला कोपरापर्यंत वाळू. ही तर कोअरवाली मावशी! वीस वर्षं मी हिला नमस्कार करते. नाव कधी विचारलं नाही.

“मीच,” ती म्हणाली. “काय झालं बाई? कामावरून काढून राहिल्या काय?”

“गुरुवारची ओल कुठून येत होती, मावशी?”

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. मग म्हणाली, “आता विचारून राहिल्या? ऑगस्टात नाही विचारलं.”

“चुकलं माझं,” मी म्हटलं. “चला, शेठजींसमोर सांगा. वही असेल तर घ्या.”

६

शेठजींच्या केबिनमध्ये साडेतीनला आम्ही सगळे उभे होतो: मी, धनंजय साहेब, कौस्तुभ, सीमा, अंजनाबाई. मी तिन्ही बायोडाटा मांडले. तेलुगू दाखवली, शिक्का दाखवला, माझी लाल फुलीही दाखवली. लपवायचं कशाला?

“कागद हिच्याही आधी कोणाचा असू शकतो,” धनंजय साहेब म्हणाले. “सुपेल्याचा तो दुकानदार काहीही सांगेल. काम माझं आहे. छप्पर मी दुरुस्त केलं.”

“साहेब, एप्रिलात कोणतं छप्पर गळत होतं?” मी विचारलं. “आणि पत्रे जुलैत बदलले. बिलावर सही तुमची आहे.”

शेठजींनी अंजनाबाईंकडे पाहिलं. “तो पानी कहाँ से आता था?”

“कूलरचं होतं शेठजी,” ती म्हणाली.

“कौन सा कूलर?”

“गुरुवारी कारखाना बंद असला की गेटवरचे चौकीदार कोअर रूममंदी झोपायचे. थंडगार शेड, दुसरं कोणतं हाय? अन् पाण्याचा कूलर दिवसभर सोडायचे, तोंड सरळ रॅककडं. शुक्रवारी सकाळी कोअरले कूलरच्या जाळीतल्या खसचा वास यायचा. मी म्हटलं, वाळूले खसचा वास कावून येऊन राहिला? मग खुणा केल्या. कूलरपुढच्या रॅकले चुन्याची फुली, भट्टीजवळच्याले काही नाही. खराब माल सगळा फुलीचा.” तिनं वही उघडून टेबलावर ठेवली. चौदा शुक्रवार, तारखा, फुल्या, आकडे.

“चौकीदारों को मना किया?”

“सांगितलं. ते हसले. हेल्पर बाई काय सांगते म्हणे. साहेबांलेही सांगितलं, तं म्हणे, तू तुझं काम कर.” ती धनंजय साहेबांकडे पाहत होती आणि ते भिंतीकडे. “मग मी बुधवारी पाळी सुटली की कूलरचा पंप काढायची अन् डब्याच्या पिशवीत घालून घरी न्यायची. शुक्रवारी सकाळी परत लावायची. जून संपेपर्यंत.”

शेठजींनी फोन उचलून स्पीकरवर टाकला आणि गेटवरच्या तेजरामला विचारलं, उन्हाळ्यात कूलर कसा चालला?

“मत पूछिए सेठजी,” तिकडून आवाज आला. “हफ़्ता भर ठीक, गुरुवार को ही बिगड़ता था. हम तो समझे, भूत है.”

मला हसू आलं, सीमालाही. शेठजींना नाही आलं. ते बराच वेळ वही चाळत राहिले. कौस्तुभनं स्वतःचा बायोडाटा टेबलावरून हळूच उचलला, “सॉरी” म्हणाला आणि निघून गेला. काकांची ट्रॉफी त्यांच्या केबिनमध्ये होती. तिचं काय करायचं ते शेठजी आणि ते बघतील. आयत्या बिळावर नागोबा किती दिवस बसणार?

मला वाटलं, संपलं. चारला पाच मिनिटं कमी होती.

“इनके दो हज़ार बढ़ा दो,” शेठजी अंजनाबाईंकडे बघून म्हणाले. “और लड़की का नाम डालो. झूठ पर साइन तो उसने किया है.”

सीमानं फाइल छातीशी धरली.

“नाही टाकणार,” मी म्हटलं.

“मॅडम?”

“सही तिनं केली, ती चूक आहे, ती तिनं कबूल केली. ओल कुठून येते विचारलं तर ‘माहीत नाही’ म्हणाली. खोटं रेटलं नाही. ज्यानं रेटलं त्याचं नाव तुम्ही सकाळपासून घेतलं नाही, आणि ज्यानं ट्रॉफी घेतली तो इथं उभा आहे. एका पोरीलाच का बुडवायचं? माझी नोकरी घ्या हवं तर. बावीस वर्षांत मी खूप कागद फाडलेत, आता नाही फाडणार.”

“चार बज रहे हैं.”

“हो ना. टाकतेच ग्रुपवर.”

मी तिथंच उभी राहून लिहिलं. लपवून नाही, मोठ्यानं वाचत वाचत: ‘अंजना लांजेवार, कोअरचं काम वीस वर्षं. शुक्रवारचं रिजेक्शन अकरावरून चारवर आणलं, एकही मशीन न घेता. पुरावा: स्वतःची वही, मी पाहिली आहे. आमच्याकडे अजून हेल्पर आहे. ज्यांना क्वालिटीला माणूस हवं त्यांनी मला फोन करावा. ऑगस्टात हिचा कागद मी नाकारला होता, ती चूक माझी.’ आणि पाठवून दिलं.

शेठजी उभे राहिले. “ये क्या किया आपने?”

“माझं काम,” मी म्हटलं. फोन त्यांच्यापुढे टेबलावर ठेवला.

दोन मिनिटांत माझा फोन वाजला. भिलाईच्या एका फाउंड्रीतला श्यामराव नावाचा मॅनेजर, ओळखीचा. “देवतळे मॅडम, ती बाई उद्या येऊ शकते का?” मी फोन स्पीकरवर टाकला होता. तो ठेवते न ठेवते तोच दुसरा. मग तिसरा, तो तर पगारच विचारायला लागला.

शेठजी खुर्चीत बसले. व्यापारी माणूस, दुसऱ्याच्या दारात उभी राहिलेली गिऱ्हाइकं त्यांना बरोबर दिसतात. त्यांनी धनंजय साहेबांना बाहेर जायला सांगितलं, आणि अंजनाबाईंना समोरच्या खुर्चीकडे हात दाखवला.

“बैठिए. सुपरवायझर की जगह ख़ाली है. क्या कहती हैं?”

अंजनाबाईंनी हाताची वाळू पदराला पुसली आणि ती बसली. घाई केली नाही.

“करीन,” ती म्हणाली. “पण माह्या हाताखाली ही पोरगी पाहिजे.” तिनं सीमाकडे बोट दाखवलं.

“इसने तो आपका काम चुराया है!”

“मीटर खोटं बोलते म्हणून तीनदा साहेबांले सांगितलं म्हणे तिनं, बाहेर बाकावर सांगत होती मले. दोनदा झिडकारलं तरी तिसऱ्यांदा गेली. असं माणूस लागते क्वालिटीले. अन् राहिलं माझ्या सहा ओळींचं,” ती सीमाकडे वळली, “सही केली न तू, ‘मी केलं’ म्हणून? आता कर. या शुक्रवारपासून. नाही जमलं तं मी सोडणार नाही तुले.”

सीमा तोंडावर हात धरून रडायला लागली आणि मान हलवत राहिली. शेठजींनी माझ्याकडे पाहिलं.

मी फाइलमधून दोन कोरी नेमणूकपत्रं काढली, त्यांवर दोघींची नावं लिहिली, टेबलावर सरकवली आणि म्हटलं, “शेठजी, पेन देऊ?”